चर्नर्स पार्कचा उंचवटा

सिडनीला जाऊन मी समुद्र पाहिला नाही. हे कळलं की लोकांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास येतो आणि मग दया. "मग तिकडे केलंस तरी काय?" असं विचारतात. मी सांगते, "माती वाहिली." हे ऐकून आमच्या अमरावतीच्या आत्याबाई म्हणाल्या, "माती वाहायला एवढ्या लांब विमानानं? इथं काय माती कमी होती?"

तेव्हा प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

वेंटवर्थव्हिल

माझा चुलतभाऊ सुमेधदादा शिकायला म्हणून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तो रक्ताचे नमुने तपासतो. रूपालीवहिनी त्याच भागात नर्स आहे. दोघांच्या शिफ्ट अशा की फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर संसार चालतो. घर शेजारच्या वेंटवर्थव्हिलला. स्टेशनाबाहेर पडलं की मुख्य रस्त्यावर डोशाचा वास येतो आणि पुढच्या दुकानात मेथीच्या जुड्या दिसतात. आपण निघालोच नाही की काय, अशी शंका यावी.

शंका फिटते ती कढीपत्त्याजवळ. आमच्याकडे भाजीवाली सांबारासोबत कढीपत्ता फुकट टाकते, आणि नाही टाकला तर भांडण होतं. (सांबार म्हणजे कोथिंबीर; हे पुण्याच्या वाचकांसाठी.) इथे तो प्लॅस्टिकच्या पाकिटात, फ्रीजच्या कपाटात, मोजक्या पानांचा, एखाद्या औषधासारखा ठेवलेला असतो. त्यामुळे मागच्या अंगणातल्या कुंडीत दादानं जगवलेलं कढीपत्त्याचं रोप हे त्या घरातलं सगळ्यात लाडकं माणूस होतं. त्याची पानं पिवळी पडत चालली होती.

"मातीच बेकार आहे इथली," दादा कुंडीपुढे उकिडवा बसून म्हणाला. "आणि तू आलीसच आहेस तर एक पत्रक लिहून दे."

कढीपत्त्यासाठी पत्रक कशाला, असं मला वाटलं. पण मामला वेगळा होता. दादा आणि त्याच्यासोबतची पंधरा-वीस मराठी घरं दर रविवारी एका जुन्या मैदानावर जमतात. तिथे खो-खो होतो, लेझीम होतं, डबे उघडतात. त्या मैदानावर हॉस्पिटलसाठी पार्किंग करायचं, असं नगरपालिकेच्या मनात होतं. तिकडे नगरपालिकेला कौन्सिल म्हणतात. जागेत काही ऐतिहासिक उरलं आहे का, हे बघायला गुरुवारी कौन्सिलची बाई येणार होती. उरलं असेल तर विचार होईल, नसेल तर डांबर.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझ्या बाबांचा छोटा छापखाना आहे आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जातात. मी अक्षरं शिकले ती बाद प्रुफांवर. आमच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, पोह्यांखाली कागद पत्रकाचा. 'जाहीर निषेध' हा शब्द मला स्वतःच्या आडनावाआधी लिहिता येत होता. त्यामुळे दादानं पत्रक म्हणताच माझी झोप उडाली.

"निषेध कुणाचा?" मी विचारलं.

"तू लिही ना. कुणाचा तरी कर."

शिफ्ट संपवून आलेली वहिनी बूट काढत म्हणाली, "माझा कर. मला पार्किंग पाहिजे."

"काय?"

"शिफ्टच्या आधी अर्धा-अर्धा तास चकरा मारते मी गाडीसाठी. परवा पेशंटची मुलगी रडत होती पार्किंगमध्ये, जागा मिळेना म्हणून. तुमचा खो-खो काय कुठंही होईल."

बाबांच्या छापखान्यात पीडित एका बाजूला आणि शोषक दुसऱ्या बाजूला, अशी सोय असायची. इथे पहिल्याच रात्री पीडित माझ्यासमोर बसून दही-भात खात होता आणि पार्किंग मागत होता.

मैदान

दुसऱ्या दिवशी शनिवारी दादानं मला मैदान दाखवायला नेलं. मैदानाचा इतिहास सांगायला नॉर्मा नावाच्या बाई येणार होत्या. फाटकाशी एक बाई उभी होती. वय ऐंशीच्या घरात, अंगात फुलाफुलांचा सदरा, आणि डोक्यावर सायकलचं हेल्मेट. हेल्मेटमधून प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या चारी दिशांना साळिंदरासारख्या बाहेर आलेल्या.

मी नम्रपणे "गुड मॉर्निंग, मिसेस..." एवढं म्हटलं, तोच माझ्या डोक्यावर मागून काहीतरी धाडकन आपटलं.

"मॅगपाय!" नॉर्मा ओरडल्या. "पळ, लव्ह, स्टँडमध्ये पळ!"

मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी, कावळ्याच्या चुलतभावासारखा. वसंतात त्याची पिल्लं घरट्यात असतात तेव्हा तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळूवर झडप घालतो. आणि वसंत तिकडे आपल्या पोळ्याच्या सुमारास येतो. सरकार काय करतं, असं मी धापा टाकत विचारलं. "पाटी लावतं," नॉर्मा म्हणाल्या. खरंच पाटी होती. पक्षी चिडलेला आहे, सांभाळून जा, अशी. आमच्याकडे एवढ्यात वनखात्यावर मोर्चा गेला असता.

"आणि मला नॉर्मा म्हण. मिसेस म्हटलं की वाटतं, सासू आली मागून."

मी त्यांना नॉर्मा म्हणायला लागले, पण मराठीत लिहिताना अहो-जाहो सुटत नाही. तेवढी मुभा वाचकांनी द्यावी.

मॅगपायमुळे आम्ही मैदानात पाऊलही टाकलं नाही. प्रेक्षकांना बसायच्या लाकडी स्टँडच्या फळ्यांवर बसूनच नॉर्मांनी सगळं सांगितलं. या जागेचं नाव चर्नर्स पार्क. पूर्वी शेजारी लोण्याचा कारखाना होता, आणि तिथल्या कामगारांनी बेसबॉलचा संघ काढला. चर्नर म्हणजे लोणी घुसळणारा. सांगायचं तर आपल्याकडे एखाद्या कबड्डी संघाचं नाव 'रवी मंडळ' असावं, तसं. स्टँड त्यांनीच सुट्टीच्या दिवशी खोक्यांच्या लाकडांनी बांधलं. लीग दुसऱ्या फळीची. मोठ्या लीगमध्ये ज्यांना कुणी घेत नसे ते इथे खेळत आणि शनिवारी दुपारी सगळी वस्ती त्यांना बघायला येई.

"जिंकायचे?" दादानं विचारलं.

"कधी कधी, चुकून."

नॉर्मा स्टँडच्या मागे खिमा भरलेल्या पाय विकत. पाय म्हणजे करंजीची ऑस्ट्रेलियन थोरली बहीण, गोल आणि आतून पेटलेली. त्यांचा नवरा केव्ह चर्नर्सचा पिचर होता. पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. त्याचा चेंडू असा वळे की एकदा मोठ्या लीगचे लोक त्याला न्यायला आले.

माझी पेन्सिल थांबली. इथे काहीतरी अन्याय असणार, हे मला वासावरून कळतं. "मग? नेलं नाही? कामगार होता म्हणून?"

"नेत होते की. तोच गेला नाही."

"का?"

"तिकडे पार्किंग नव्हतं," नॉर्मा म्हणाल्या. "दोन शनिवार गेला. गाडी लावायला जागा सापडेना. म्हणाला, रोज कोण एवढं चालणार? परत आला चर्नर्समध्ये."

दादा हसून फळीवरून पडायचा राहिला. मी मात्र ते वाक्य खोडून टाकलं, कारण आमच्या मागणीला ते मारक होतं.

निघताना मी त्यांना पत्रकाची सुरुवात वाचून दाखवली. 'कौन्सिलच्या या जुलमी धोरणाचा आम्ही तीव्र धिक्कार करतो!'

"हेलनचा धिक्कार?" नॉर्मांनी भुवया उचलल्या. "गुरुवारी तीच येणार आहे. चांगली पोरगी आहे. तिच्या आईला मी पोहायला शिकवलंय."

"मग पार्किंगचा करू?"

"अगं, हॉस्पिटलला आले की मीसुद्धा गाडी लावते ना."

"मग निषेध कुणाचा करायचा?"

नॉर्मांनी वर झाडाकडे बघितलं. "मॅगपायचा कर."

त्या त्याच दुपारी मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला बहिणीकडे जाणार होत्या, मंगळवारी परत येणार होत्या. "मंगळवारी आर्वोला ये. मैदान आतून दाखवते," म्हणाल्या. आर्वो म्हणजे दुपार. या देशात शब्दसुद्धा शिफ्ट संपायच्या आधी घरी जातात.

श्रमदान

रविवारी सगळी मंडळी जमली. नागपूर, पुणे, नाशिक, यवतमाळ. पत्रक अजून पूर्ण नव्हतं, पण मला बोलायला सांगितलं. मी स्टँडच्या पायरीवर उभी राहून बाबांचं आवडतं वाक्य सांगितलं: मागणी करणाऱ्यानं आधी हातात झाडू घ्यावा. गुरुवारी कौन्सिलची बाई येईल तेव्हा मैदान आरशासारखं दिसलं पाहिजे. दुसऱ्यांच्या देशात आलोय तर दुसऱ्यांच्या देशाचा कचराही आपला.

टाळ्या पडल्या. श्रमदान हा शब्द ऐकल्यावर मराठी माणूस घरी बसूच शकत नाही. एरवी स्वतःच्या अंगणातलं गवत कापायला माणूस बोलावणारे लोक तासाभरात फावडी, घमेली आणि एकचाकी गाड्या घेऊन हजर झाले. लेझीमचा असा गजर झाला की मॅगपायसुद्धा फांदीवर गप्प बसला. बाटल्या वेचल्या, तण उपटलं, स्टँड झाडलं. बायकांच्या एका गटानं फळ्या धुऊन काढल्या.

आणि मग सगळ्यांचं लक्ष मैदानाच्या मधोमध असलेल्या उंचवट्याकडे गेलं, ज्याला वळसा घालून ते इतके रविवार खो-खो खेळत आले होते.

गुडघ्याच्या आत-बाहेर उंची, वर गवत माजलेलं, चांगल्या मोठ्या पसाऱ्याचा. पाटणकर म्हणून एक स्थापत्य अभियंते आहेत, मूळचे पुण्याचे. ते कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"कॉन्ट्रॅक्टरनं सोडलेला ढिगारा आहे," त्यांनी निकाल दिला. "ड्रेनेज खोदलं असणार, माती टाकून पळाले. सगळीकडे सारखेच."

"नक्की?" दादा म्हणाला.

"सुमेध, मैदानाच्या मधोमध उंचवटा असतो का कधी? तू सांग. मधोमध काय असतं?"

"पिच."

"पिच कसं असतं?"

"सपाट."

"मग?"

आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेलो. मैदानाचा मध्यभाग म्हणजे देवघर. तिथे बूट घालून गेलं तर म्हातारे शिव्या देतात, तिथे रोज रोलर फिरतो. त्या जागी गाठोड्यासारखा उंचवटा बघून आमच्यातल्या प्रत्येकाला मनापासून लाज वाटली. तो काढणं म्हणजे मैदानाची सेवा होती.

आम्ही सेवा केली. गवताखाली सुंदर तांबडी चिकणमाती निघाली. पाटणकरांनी पाणसळ आणली होती, म्हणजे पातळी बघायची ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत त्यांनी कुणाला पाणी पिऊ दिलं नाही. उरलेली माती टाकवेना. "अरे, ही तर कोकणातल्यासारखी आहे," कुणीतरी म्हणालं, आणि प्रत्येकानं थोडी-थोडी घरी नेली. दादानं कढीपत्त्यासाठी दोन घमेली भरली. मग मिसळ झाली, आभारप्रदर्शन झालं, सपाट जागेवर उभं राहून फोटो झाला. इतकी समाधानी माणसं मी क्वचित पाहिली आहेत.

मंगळवार

मंगळवारी दुपारी दादा, वहिनी आणि मी नॉर्मांची वाट बघत फाटकाशी उभे होतो. पाटणकर मुद्दाम आले होते, कौतुक ऐकायला.

नॉर्मा हेल्मेट घालून आत आल्या, स्टँड बघून म्हणाल्या, "अरे वा, फळ्यांना रंग आहे होय!" आणि मग मैदानाकडे वळल्या.

मॅगपायनं त्यांच्या पट्ट्यांवर एक झडप घातली, तरी हलल्या नाहीत.

"माझा माउंड कुठाय?"

बेसबॉलचा पिचर उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, हे मला त्या क्षणी कळलं. वाचकांना आता कळतंय, म्हणजे वाचक आमच्यापेक्षा फार मागे नाहीत. तो उंचवटा, म्हणजे माउंड, मुद्दाम बांधलेला असतो. चर्नर्सचा फलक वादळात गेला होता, कुंपण चोरीला गेलं होतं, स्टँडच्या फळ्या आणि छप्पर नंतर बदललेलं होतं. कामगारांच्या हातचं म्हणून दाखवण्यासारखं जे उरलं होतं, ते तेवढंच होतं. आम्ही ते पाणसळ लावून नष्ट केलं होतं.

पाटणकरांचा चेहरा बुडबुड्यासारखा इकडून तिकडे सरकत होता. "मॅडम, आम्ही परत बांधू. चिकणमाती मिळते हार्डवेअरच्या दुकानात, पोत्यात. उद्या संध्याकाळपर्यंत, हंड्रेड पर्सेंट..."

"दुसरी माती चालायची नाही," नॉर्मा म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "केव्ह त्यात आहे."

"त्यात म्हणजे?" दादानं विचारलं.

वहिनीला आधी कळलं. तिनं नॉर्मांचा दंड धरला, त्यांना स्टँडच्या पायरीवर बसवलं, हेल्मेट काढलं आणि थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. केव्ह गेल्यावर नॉर्मा आणि त्याच्या दोन जुन्या सोबत्यांनी पहाटे येऊन, परवानगी न विचारता, बागेच्या खुरपीनं त्याची राख त्या मातीत मिसळली होती. म्हणूनच शनिवारी त्या माउंडबद्दल बोलल्या नव्हत्या. ते दोन सोबतीही आता नव्हते.

"मला माहीत आहे, राख म्हणजे काही माणूस नाही," त्या कपाकडे बघत म्हणाल्या. "पण दर शनिवारी त्याला हाय करून जाते. सवय आहे."

आता एक गोष्ट सांगायला हवी. बाबांच्या छापखान्यातलं सगळ्यात जास्त छापलेलं पत्रक राखेबद्दलच आहे. 'राख नदीत टाकू नका, झाडाच्या मुळाशी घाला.' मी शाळेत असताना ते नदीकाठी वाटलंय, शिव्या खाल्ल्यात. एवढी वर्षं कुणी ऐकलं नाही. आणि इथे, सिडनीत, एका परक्या माणसाची राख कुणाच्या कढीपत्त्याच्या, कुणाच्या मिरचीच्या मुळाशी पोचली होती. आमची मागणी इतकी तंतोतंत कधीच पूर्ण झाली नव्हती. मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

"केव्ह आत्ता कुठाय?" नॉर्मांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वेंटवर्थव्हिलला," दादा म्हणाला. "बराचसा."

घरोघरी

त्या संध्याकाळी आम्ही दादाच्या गाडीतून केव्ह गोळा करत फिरलो. नॉर्मा पुढच्या सीटवर, मी मागे घमेल्यांमध्ये.

पहिला आमचाच कढीपत्ता. माझ्या तत्त्वनिष्ठ भावानं कुंडीला हात घातला आणि थांबला. "दोन दिवसांत पानं बघ कशी ताठ झालीत."

"ताठबिठ काही नाही," वहिनी म्हणाली. "काढ."

मुळांना धरून बसलेला मातीचा एक गोळा मात्र सुटेना. खेचलं तर रोप मरणार होतं. दादाचा चेहरा बघवेना. नॉर्मांनी वाकून बघितलं. "राहू दे तेवढा. केव्हला बाहेरगावी जायचं होतं नेहमी. डँडेनॉन्गच्या पुढे कधी गेला नाही बिचारा."

पाटणकरांच्या घरी त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की ते आपोआप मागे सरकले. माती तुळशीच्या कुंडीत होती. पाटणकरवहिनींनी केव्हला दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिवा लावला होता.

"आता काय करायचं?" त्या पुटपुटल्या. "मी तर उपासही केला काल."

मी दादाच्या कानात म्हटलं, "एका कामगाराला पाटणकरांच्या तुळशीत जागा मिळाली. एवढं परिवर्तन आपल्या कुठल्या पत्रकानं केलं नाही."

"गप बस," दादा म्हणाला, पण त्याचे खांदे हलत होते.

नॉर्मांनी मात्र तुळशीपुढची पणती बराच वेळ बघितली. "चर्चमध्येसुद्धा कुणी त्याच्यासाठी एवढं केलं नव्हतं," म्हणाल्या, आणि पाटणकरवहिनींना मिठी मारली. त्या बिचाऱ्या कणीक लागलेले हात हवेत धरून उभ्या राहिल्या.

सगळ्यात कठीण गेलं ते यवतमाळवाल्यांकडे. त्यांनी पोळ्यासाठी त्या मातीचे दोन बैल केले होते, वाळवून रंगवलेसुद्धा होते. त्यांची चिमुरडी मुलगी दोन्ही बैल छातीशी धरून उभी.

"बेटा, दे आजीला," आई म्हणाली.

"नो. दे आर माइन."

"असं नाही बोलायचं. आजीचे आहेत ते."

"शी डिडन्ट मेक देम."

मुद्दा बिनतोड होता. मी तिच्या बाजूनं पत्रक काढलं असतं. नॉर्मांनी खाली बसून विचारलं, "यातला हट्टी कोणता?" मुलीनं डावा बैल दाखवला. "मग तो मला दे. माझा माणूस तोच असणार. दुसरा तुझ्याकडे राहू दे."

माउंड

बुधवारी दादानं रजा टाकली, आणखी तिघा-चौघांनी आजारपण काढलं. वहिनी रात्रपाळी करून सरळ मैदानावर आली. माती चाळली, भिजवली, धुमसानं ठोकून थर बसवायला सुरुवात केली. पाटणकर पाणसळ घेऊन आले, तेव्हा नॉर्मा घडीच्या खुर्चीतून म्हणाल्या, "ती पट्टी गाडीत ठेव, मेट." त्यांनी निमूटपणे ठेवली. पुणेकर अभियंत्यानं निमूटपणे केलेली ती मी पाहिलेली पहिली गोष्ट.

नॉर्मांचं माप सोपं होतं. सुमेधदादा केव्हच्या उंचीचा निघाला. त्याला वर उभं करायचं. माउंड बरोबर झाला की केव्हला मैदानापलीकडच्या घरांवरून चर्चचा क्रूस दिसायचा. तेवढीच खूण अजून जागेवर होती.

"दिसतंय?"

"नाही."

"अजून माती."

"दिसतंय?"

"हॉस्पिटल दिसतंय."

"डावीकडे बघ, केव्ह," असं नॉर्मा म्हणाल्या आणि मग स्वतःच दचकल्या. दादा डावीकडे वळला. "दिसला," म्हणाला. शेवटी नॉर्मांनी रंगवलेला बैल आपल्या हातानं वरच्या थरात दाबला आणि त्यावर ओली माती सारखी केली.

गुरुवार

हेलन वेळेवर आल्या. भाषणं, पुष्पगुच्छ, काही नाही. हातात कागद अडकवायची पाटी, डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, मॅगपायसाठी. मी सगळी रात्र जागून इंग्रजीत पूर्ण केलेलं पत्रक त्यांच्या हातात ठेवलं आणि लढायला तयार उभी राहिले. त्यांनी ते उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचलं. आमच्याकडे एकाही अधिकाऱ्यानं आजवर असं केलेलं नाही.

"लव्हली," त्या म्हणाल्या. "अजून एक आहे का? आईला दाखवते."

लढाई तिथेच संपल्यासारखी झाली. मग त्या मैदानाच्या मधोमध गेल्या, वाकून मातीला हात लावला.

"हा मूळचाच माउंड ना?"

पाटणकरांनी श्वास घेतला. त्यांच्या तोंडून 'हंड्रेड' एवढं बाहेर आलंही. दादानं माझ्याकडे बघितलं. नॉर्मा आपल्या खुर्चीत ताठ झाल्या. खोटं बोललं तर माउंड वाचेल, खरं बोललं तर जाईल, असा सरळ हिशोब होता. आणि मी अशा घरात वाढलेली की जिथे छापलेली तारीख चुकली तरी बाबा सगळा गठ्ठा रद्दीत टाकतात.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही रविवारी तो पाडला. आम्हाला वाटलं ढिगारा आहे. काल परत बांधला. माती तीच आहे, पण बांधलाय काल."

मॅगपाय गातो, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. आणि नॉर्मा हसायला लागल्या.

"अगं लव्ह, माउंड कालचाच असतो! पिचरच्या बुटाचे खिळे दर शनिवारी त्याचा चुराडा करतात. रविवारी परत बांधायचा. केव्हनं जन्मभर तेच केलं. मी केस जेवढ्या वेळा रंगवले नाहीत तेवढ्या वेळा आम्ही हा माउंड बांधलाय. तो काय पुतळा आहे?"

हेलननी काहीतरी लिहिलं. "मग आता देखभाल कोण करतं?"

खरा प्रश्न तो होता. नॉर्मांकडे कुणीच नव्हतं. मैदान एकट्या म्हातारीच्या भरवशावर कोण ठेवणार? मग त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं: दादा, अंगठ्याला पट्टी बांधलेले पाटणकर, झोपेनं डोळे लाल झालेली वहिनी.

"हे लोक," त्या म्हणाल्या. "दर रविवारी येतात. एवढी काळजी घेतात की माती घरी नेऊन पूजा करतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मग वहिनी पुढे झाली. "मी नर्स आहे," ती हेलनना म्हणाली. "पार्किंग आम्हाला हवंच आहे. पण ते सगळं मैदान घेऊनच का? स्टँडमागे कारखान्याची पडीक जागा आहे. तिथं काटेच आहेत नुसते. काल उभी राहून मोजली मी, माती चाळता चाळता."

माझ्या दोन पानी पत्रकात, नऊ उद्गारचिन्हांमध्ये, ही गोष्ट कुठेच नव्हती.

परत

निघायच्या आधीच्या रविवारी नॉर्मा घरी जेवायला आल्या. वहिनीनं कढी केली होती आणि फोडणीला दुकानातला पाकिटातला कढीपत्ता वापरला होता. दारच्या रोपाचं पान आता त्या घरात कुणी तोडत नाही. रोपाला नवी पालवी आली होती. दादा म्हणतो मातीमुळे. वहिनी म्हणते ऊन वाढलंय. नॉर्मांनी कढीचा एक घोट घेतला, नाकपुड्या लाल झाल्या, खिडकीतून कुंडीकडे बघत म्हणाल्या, "केव्हला तिखट चालायचं नाही. बरं झालं, बाहेर आहे."

मी अमरावतीला पोचल्यावर दादाचा फोन आला. स्टँड जाणार, ते वाचलं नाही. निर्णय कळला त्या दिवशी नॉर्मा दोन तास त्याच्या पायरीवर बसून होत्या. पण पार्किंग कारखान्याच्या जागेत आणि स्टँडपर्यंतच. मैदान आणि माउंड राहणार, देखभाल मराठी मंडळींकडे. पाटणकर दर रविवारी नव्या माणसांना माउंडचं बांधकाम समजावतात. पहिलं वाक्य असतं, "मैदानाच्या मधोमध उंचवटा असतोच." आणि नॉर्मांना आता अगदी माउंडजवळ गाडी लावता येईल. "असं पार्किंग तिकडे असतं तर केव्हनं मोठी लीग सोडली नसती," म्हणाल्या म्हणे.

परवा बाबांच्या छापखान्यात राखेचं जुनं पत्रक पुन्हा छपाईला लागलं. 'राख नदीत टाकू नका, झाडाच्या मुळाशी घाला.' मी प्रूफ हातात घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'आणि कुठूनही माती उचलण्याआधी ती कुणाची आहे, ते विचारा.'

बाबांनी चष्मा वर केला. "हे कशाला? ओळ मावत नाही."

"टाइप लहान करा," मी म्हणाले.

त्यांनी केला.